पकड आणि सुटका : जाम झालेल्या ब्रेकचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे जुन्या किल्ल्याचे गाव. भोवतालचा मुलूख तळ्यांचा आणि धानाचा. पावसाळ्यात येथे हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रोवणीच्या दिवसांत बांधीपासून पांदण रस्त्यापर्यंत सगळीकडे चिखल असतो. अशा जमिनीवर धावण्यासाठी जे वाहन जन्माला आले, त्याला एटीव्ही म्हणतात : फुगीर टायरांची, हँडलने वळणारी चारचाकी. चिखलाला न घाबरणाऱ्या या वाहनाचा एक भाग मात्र चिखलापुढे हमखास हार मानतो. तो भाग म्हणजे मागच्या ब्रेकचा कॅलिपर. ब्रेक एकदा लागतो आणि पुन्हा सुटत नाही. गॅरेजच्या भाषेत, ब्रेक जाम होतो. या लहानशा बिघाडामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. हा धागा त्या इतिहासाचा आणि त्या दुरुस्तीचाही.

२/
प्रथम रचना पाहू. चाकाबरोबर किंवा आसाबरोबर पोलादाची एक तबकडी फिरते. तिला डिस्क म्हणतात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे पॅड असतात आणि त्यांना कवेत घेणारा धातूचा चिमटा म्हणजे कॅलिपर. पायाने किंवा हाताने ब्रेक दाबला की नळीतील द्रवाचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर येतो. पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतो. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढचा प्रश्न सहसा विचारला जात नाही : पाय उचलल्यावर पिस्टन मागे कोण घेतो? कॅलिपरमध्ये त्यासाठी स्प्रिंग दिसत नाही. जाम झालेल्या ब्रेकचे सगळे रहस्य या एका प्रश्नात आहे.

३/
ब्रेकची कामे दोन : धरणे आणि सोडणे. पहिले काम डोळ्यांत भरते, दुसऱ्याची आठवण ते बिघडल्यावरच होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासातही असेच घडले. आधी माणसाने अधिकाधिक घट्ट पकड शोधली. त्या पकडीतून नेमकी, तत्काळ आणि खात्रीची सुटका कशी मिळवायची, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर मागाहून पुढे आला, आणि प्रत्येक वेळी तोच अधिक अवघड ठरला.

४/
पूर्व विदर्भाच्या सपाट मुलखात बैलबंडीला वेगळ्या ब्रेकची फारशी गरज पडली नाही. वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडा जास्त आणि उतार क्वचित. बंडी रोखण्याचे काम बैलांच्या मानेवर आणि गाडीवानाच्या कासऱ्यावर सोडलेले असे. घाटाची गोष्ट वेगळी. तेथे भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. म्हणून घाट उतरताना चाकाच्या धावेवर लाकडाचा ठोकळा दाबण्याची किंवा चाक बांधून घसरत नेण्याची युक्ती जगभरच्या गाडीवानांनी शोधली. हा पहिला ब्रेक. तो सोडण्याची रीतही सोपी होती : दोर सैल करायचा. मात्र गाडीच्या जागी शेकडो टनांची आगगाडी आली आणि हा सोपेपणा संपला.

५/
महाराष्ट्रात या प्रश्नाने सर्वांत भीषण रूप घेतले ते बोरघाटात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा आणि कर्जत यांमधील चढ १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात लोहमार्ग साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठत होता. सर्वांत तीव्र भागात दर ३७ फुटांना १ फूट चढ होता. वाटेत एक रिव्हर्सिंग स्थानक होते. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा टप्पा चालू लागे. साहजिकच, उतरणाऱ्या गाडीने तेथे थांबणे ही जीवनमरणाची अट होती. गाडी रोखण्याचे काम मुख्यतः इंजिन आणि ब्रेकव्हॅनमधील माणसांच्या हातांवर अवलंबून होते.

६/
१८६९ च्या जानेवारीत ती अट मोडली. घाट उतरणाऱ्या टपाल गाडीचे ब्रेक अपुरे पडले, ती रिव्हर्सिंग स्थानकात थांबू शकली नाही आणि रुळांचे टोक ओलांडून गेली. प्राणहानी झाली. घाटातील लोहमार्गांवर पुढे कॅच साइडिंगची व्यवस्था रूढ झाली. तिचे तत्त्व विलक्षण आहे. सांधे नेहमी चढाच्या फाट्याकडे वळवलेले असतात. गाडीने आधी थांबून आपण ताब्यात असल्याचे सिद्ध करायचे, मगच मुख्य मार्ग मोकळा होतो. बेफाम सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थकते. ब्रेकवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हा धडा येथे लोखंडात कोरला गेला.

७/
योगायोग असा की त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या दाबावर चालणाऱ्या रेल्वे ब्रेकचे पेटंट घेतले. पहिल्या रचनेत नळी फुटली की ब्रेक नाहीसा होई. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने ती रचना उलटी केली. नळीत दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला राहील, दाब गेला की ब्रेक आपोआप लागेल. भारतीय रेल्वेत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या व्हॅक्यूम ब्रेकचेही तत्त्व हेच. नळीत निर्वात असेल तोवर चाके मोकळी. भंडारा जिल्ह्यातून १८८० च्या दशकात नागपूर–राजनांदगाव लोहमार्ग गेला आणि पुढे तो बंगाल–नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गाचा भाग झाला. या युगात ब्रेक लागणे ही आपोआप घडणारी गोष्ट बनली आणि ब्रेक सुटण्यासाठी यंत्रणा निर्दोष असावी लागू लागली.

८/
या उलटफेरीतून एक नवा बिघाड जन्मला. रेल्वेवाले त्याला ‘ब्रेक बाइंडिंग’ म्हणतात. चालकाने ब्रेक सोडलेला असतो, परंतु एखाद्या डब्याचा ब्रेक चाकाला धरूनच राहतो. चाक तापते, धूर निघतो, प्रसंगी ठिणग्या उडतात. म्हणूनच स्थानकावरून धडधडत जाणाऱ्या गाडीकडे रेल्वेचे कर्मचारी निरखून पाहतात. एटीव्हीचा जाम झालेला कॅलिपर हे या ‘ब्रेक बाइंडिंग’चेच धाकटे भावंड. आकार बदलला, दुखणे तेच.

९/
रस्त्यावरच्या वाहनांचा इतिहास समांतर चालला होता. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील डोंगराळ रस्त्यांवर घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावतात, हे हर्बर्ट फ्रूडने पाहिले, असे सांगितले जाते. त्या निरीक्षणातून चांगले घर्षणद्रव्य शोधण्याचा ध्यास त्याला लागला. १८९७ पासून त्याने ब्रेकच्या अस्तरांवर काम केले आणि त्यातून ‘फेरोडो’ ही कंपनी उभी राहिली. पुढे या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णतेला दाद देत नसे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, हे जगाला उशिरा उमगले. जुन्या पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, या नियमाचे मूळ या इतिहासात आहे.

१०/
१९०२ हे वर्ष ब्रेकच्या इतिहासातील दुहेरी सुरुवातीचे. फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेकला आकार दिला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टरची कल्पना काळाच्या फार पुढे होती. त्याच्या ब्रेकमधील तांब्याचे पॅड धातूच्या डिस्कवर घासत, किंचाळत आणि धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजत. ड्रम बंदिस्त असल्याने चिखलापासून काहीसा सुरक्षित राही. पुढची सुमारे पन्नास वर्षे रस्त्यांवर राज्य केले ते ड्रमने. उघड्या डिस्कचा धुळीशी आणि चिखलाशी असलेला झगडा असा तिच्या जन्मापासूनचा आहे.

११/
नळीतील द्रव ही पुढची पायरी. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडले होते. ते ब्रेकला लावले माल्कम लॉकहीडने. त्याने १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. दोरी आणि सळयांच्या ब्रेकमध्ये चारही चाकांना सारखी पकड मिळवणे ही कसरत असे. द्रवाने ती सोडवली. मात्र सुरुवातीच्या रचनांतील चामड्याच्या वाट्या गळत. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांनी त्या जागी रबर आणले आणि १९२४ च्या क्रायस्लर मोटारीने हा ब्रेक सर्वदूर पोहोचवला. त्या दिवसापासून ब्रेकचे भवितव्य रबराच्या एका कड्याशी बांधले गेले.

१२/
दुसऱ्या भागातील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे रबरी सील खाचेत बसवलेले असते. ते द्रव गळू देत नाही, हे त्याचे उघड काम. पिस्टन पुढे सरकला की सील त्याला धरून किंचित वाकते. दाब संपला की ते मूळ आकारात परतते आणि येताना पिस्टनलाही मागे ओढते. ही माघार मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते, तरी तेवढ्याने चाक मोकळे होते. पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि अंतर आपोआप जुळते. ब्रेकची सुटका रबराच्या या स्मरणशक्तीवर उभी आहे. खाचेत गंज साचला किंवा पिस्टन खडबडीत झाला की सीलची ही ताकद अपुरी पडते.

१३/
डिस्कचे भाग्य दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानांनी उजळले. वेगाने उतरणारे जड विमान थांबवताना ड्रम तापून निकामी होत, उघडी डिस्क मात्र वाऱ्यावर थंड राही. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने फ्रान्समधील ‘ल माँ’ची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९५५ च्या सिट्रोएन डीएस मोटारीत डिस्क सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आली. १९६२ च्या सुमारास इटलीच्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरला पुढे डिस्क मिळाली. १९६९ मध्ये होंडा सीबी ७५० मोटारसायकलने हायड्रॉलिक डिस्क ब्रेक जगभर लोकप्रिय केला. बोरघाटातील अपघाताला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

१४/
महाराष्ट्र या कथेत पुन्हा येतो तो कारखान्यांच्या रूपाने. मुंबईच्या भांडुप परिसरात ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा स्कूटर बनवत असे. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली. या घरोघरच्या स्कूटरी ड्रम ब्रेकच्याच होत्या. १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांनी पुढच्या चाकावरील डिस्क तरुणांच्या स्वप्नाचा भाग केली. २००७ च्या पल्सर २२० मध्ये ती मागच्या चाकालाही आली. आज पुण्याच्या आणि वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यांत दुचाकींचे डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्याबरोबर कॅलिपर जाम होण्याचे दुखणेही साकोलीसारख्या तालुक्याच्या गावातील मिस्त्रीपर्यंत पोहोचले.

१५/
एटीव्ही ही याच वंशाची शाखा. १९७० मध्ये होंडाने फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आणली. वळणावर ती उलटण्याचा धोका मोठा होता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सुझुकीने चारचाकी क्वाडरनर काढली. १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि उत्पादक यांच्यातील करारानंतर नव्या तीनचाकींची विक्री थांबली. शर्यतीच्या घाटणीच्या अनेक एटीव्हींमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतात आणि त्या आसाला एकच डिस्क, एकच कॅलिपर असतो. तो जमिनीलगत, चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या थेट माऱ्यात. बहुधा उभी गाडी रोखण्याची केबलही त्यालाच जोडलेली असते. म्हणून एक कॅलिपर जाम झाला की दोन्ही मागची चाके अडकतात.

१६/
जाम का होतो? गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात तो द्रव खरे तर तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल वर्गातील द्रव हवेतील ओलावा शोषतात. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. द्रवात मुरलेले पाणी आतून गंज चढवते. बाहेरून चिखलाचे पाणी पिस्टनच्या धूळरक्षक रबराखाली आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांवर शिरते. पावसाळ्यानंतर वाहन महिनोन्‌महिने उभे राहिले की गंज आणि वाळलेली माती मिळून सिमेंटासारखी पकड घेतात.

१७/
हा बिघाड केवळ गैरसोयीचा नाही. पॅड सतत घासत राहिला की डिस्क तापते, ती उष्णता पिस्टनमार्गे द्रवात जाते आणि ओलावलेला द्रव उकळू लागतो. वाफ दबते, द्रव दबत नाही. त्यामुळे पेडल पोकळ होऊन खाली जाते. जो ब्रेक सुटत नव्हता, तोच आता लागेनासा होतो. अडकलेला मागचा ब्रेक नळी चिमटून बंद करण्याचा आणि पुढच्या ब्रेकवर काम भागवण्याचा मोह म्हणूनच घातक आहे. तळ्याच्या पाळीवरून उतरताना चाकांवर ताबा हवा असतो. बोरघाटाचा धडा तेथेही लागू पडतो.

१८/
दुरुस्तीची पहिली पायरी निदान. गाडी सपाट जागी भक्कम टेकूवर उचलावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, उभ्या गाडीच्या ब्रेकची केबल ढिली करावी आणि चाके हाताने फिरवावीत. नुसत्या केबल सोडण्याने चाके मोकळी झाली, तर दोष केबलमध्ये. अजूनही अडकलेली असतील, तर कॅलिपरवरील हवा काढण्याचा स्क्रू, म्हणजे ब्लीडर, किंचित उघडावा. दाबाने द्रव उडून चाक सुटले, तर दोष वरच्या बाजूला आहे : आतून सुजलेली नळी किंवा मास्टर सिलिंडरचे बुजलेले परतीचे छिद्र दाब कोंडून ठेवत आहे. द्रव निघूनही चाक सुटले नाही, तर दोष कॅलिपरमध्ये, पिस्टनचा किंवा पिनांचा. ही पाच मिनिटांची परीक्षा नको असलेली मोडतोड वाचवते.

१९/
कॅलिपर उतरवून, पॅड काढून आधी पिना पाहाव्यात. अनेकदा पिस्टन निर्दोष असतो आणि गंजलेल्या पिनांमुळे कॅलिपर सरकत नसतो. पिस्टनच अडकला असेल, तर नळी जोडलेली असतानाच वाहनाचा ब्रेक हळूहळू दाबून त्याला बाहेर आणावे. तो बाहेर पडताना द्रवही सांडतो, म्हणून खाली भांडे ठेवावे. रंगावर पडलेला द्रव रंग खातो, तो लगेच पाण्याने धुवावा. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे चिरडतात. पकडीने पिस्टनची कड धरून पिळले, तर त्यावर ओरखडे पडतात आणि ते नव्या सीलला कापतात. खोल खड्डे पडलेला पिस्टन बदलावा. सीलची खाच लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने कोरून काढावी. बहुतेक वेळा गंजाचा खरा थर तेथेच दडलेला असतो.

२०/
जोडणीत एक चूक सर्रास होते. सील पेट्रोलने किंवा डिझेलने धुतले जाते, किंवा त्यावर इंजिन ऑइल चोपडले जाते. ‘ब्रेक ऑइल’ या नावाने केलेली ही फसगत आहे. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि काही दिवसांत ब्रेक पुन्हा जाम होतो. सील नवे घ्यावे, त्याला ताजा ब्रेकद्रवच लावावा. पिनांना सिलिकोन ग्रीस, पॅडला आणि डिस्कला ग्रीसचा स्पर्शही नको. बाटलीवरचा डॉट क्रमांक टाकीच्या झाकणावरील क्रमांकाशी जुळवावा. शेवटी ब्लीडरमधून हवेचे बुडबुडे संपेपर्यंत द्रव काढावा, टाकीतील पातळी उतरू न देता. पेडल कडक लागते का, आणि सोडल्यावर चाके मोकळी फिरतात का, या दोन्ही परीक्षा द्याव्यात. पहिलीत उत्तीर्ण होऊन दुसरीत नापास झालेला ब्रेक म्हणजे पुन्हा तोच आजार.

२१/
१८६९ च्या बोरघाटापासून दीडशे वर्षांनी, १ एप्रिल २०१९ पासून, भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. ही यंत्रणा चाक अडकू लागले की एका सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते. दीड शतकाची वाटचाल अखेर येथे पोहोचली : चांगला ब्रेक तो, ज्याला नेमके केव्हा सोडायचे हे कळते. मात्र संगणक कितीही हुशार असला तरी त्याचा हुकूम शेवटी रबराच्या त्या चौकोनी कड्यालाच पाळावा लागतो. धानाच्या मुलखात पावसाळा सरला की अवजारे धुऊन, तेल देऊन ठेवण्याची रीत आहे. त्या यादीत आता कॅलिपरच्या पिना आणि ब्रेकद्रव यांचीही भर पडायला हवी.